प्रभूच्या मुठीचा तांदूळ

तिनं माझ्या हातातल्या डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि बोटानं भिंतीकडे ठेवलेला पत्र्याचा डबा दाखवला.

“बाई, तुमचा तिकडे.”

मला वाटलं, तिची काहीतरी गफलत झाली. वेदीसमोर मोठा पितळी टोप होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, गळ्याला झेंडूची माळ. माझ्या पुढच्या बाईनं तिचा तांदूळ त्यातच ओतला होता. दरवर्षी सगळ्यांचा त्यातच जायचा.

मी म्हटलं, “वत्सलाबाई, हा कोलम आहे.”

“असेल. जाडा-बारीक एकत्र शिजत नाही. म्हणून या वर्षी दोन भांडी केलीत.”

“पण हा बारीकच आहे.”

तिनं पुन्हा डब्यात पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. शेजारणीकडे कोथिंबीर मागावी तसं म्हणाली, “तुमच्या लोकांचा तिकडे ठेवलाय.”

तुमच्या लोकांचा.

मागे बायकांची रांग होती. पेटीवर उपकारस्तुतीचं गीत चाललं होतं. शेजारी तुमची आई उभी होती, पंधरा वर्षांची, नवा फ्रॉक घालून. मी भिंतीपाशी गेले. तो तेलाचा डबा होता, वरचं तोंड कापलेलं, कडा हातोडीनं ठोकलेल्या. तळाशी तांबडा जाडा तांदूळ. त्यावर मी माझा पांढरा ओतला. का ओतला? रांग होती म्हणून. रांगेत उभं असलं की माणूस अपमानसुद्धा शिस्तीत गिळतो.

रिया, तू मागे फोनवर विचारलंस की आईचं दृढीकरण, तुमच्याकडचं कन्फर्मेशन, लग्न झाल्यावर, परक्या देशात का झालं. तिच्याबरोबरच्या मुलींचं शाळेत असतानाच झालं होतं. मी तेव्हा म्हटलं, सांगेन कधीतरी. आता सांगते. तू आणि तुझा भाऊ दोघांनी वाचा. मराठी अडलं तर आईला विचारा. तिला सगळं आठवतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पेणला रामवाडीत राहायचो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, तेही रोह्यालाच. रविवारी सकाळी आम्ही गाडीनं रोह्याला जायचो. लहान मंडळी. कंपनीतले काही अधिकारी, काही कामगार, दोन-चार शिक्षक, नर्स. आणि त्या वर्षापासून कासूजवळच्या वाडीवरची कातकरी कुटुंबं. ती मिठागरावर आणि वीटभट्टीवर राबायची. त्यांचा बाप्तिस्मा उन्हाळ्यात झाला तेव्हा मंडळीनं टाळ्या वाजवल्या होत्या. फोटो काढले होते. ते फोटो बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायचे.

आमच्यात एक रीत होती. प्रभूची मूठ. घरातली बाई भात टाकायला तांदूळ घेते, तेव्हा त्यातली एक मूठ परत काढून वेगळ्या डब्यात टाकायची. रोज. घरात भरपूर असो की नसो. कापणी झाल्यावर उपकारस्तुतीच्या रविवारी तो डबा देवळात न्यायचा, सगळ्यांचा तांदूळ एका टोपात ओतायचा, आणि भक्ती संपली की तोच शिजवून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. त्या जेवणाला प्रीतिभोजन म्हणतात.

ही रीत मला माझ्या आजीकडून आली. नगरकडचं आमचं गाव. तिथं तिचे आईवडील महारवाड्यात राहायचे. गावची विहीर त्यांची नव्हती, देऊळ त्यांचं नव्हतं, रस्ता दिवसाच्या ठरावीक वेळी त्यांचा होता. ते ख्रिस्ती झाले. का झाले ह्यावर लोक फार बोलतात. धान्यासाठी, शाळेसाठी, गोऱ्या बाईच्या औषधासाठी. आजी एकच सांगायची. तिच्या आईनं नेलेला तांदूळ दुसऱ्या जातीच्या वस्तीतल्या ख्रिस्ती बाईनं आपल्या तांदळात हातानं कालवला, आणि त्याच भाताचा घास खाल्ला. तिच्या आईनं तो घास पाहिला. धर्म बदलायला तिला तेवढं पुरलं.

म्हणून मी मूठ कधी चुकवली नाही. आणि म्हणून मी कोलमच काढायची. चांगल्यातला काढायचा, असं आजीचं होतं.

वत्सलाबाई मंडळीच्या पंचांची बायको. पंच तुमच्या आजोबांच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या घरात भिंतीवर पणजोबांचा फोटो होता, पगडीतला. ते ब्राह्मण होते आणि ख्रिस्ती झाल्यावर घरच्यांनी त्यांचं श्राद्ध घातलं, ही गोष्ट त्या घरी चहाबरोबर मिळायची. पणजोबांनी जात टाकली. पणतूंनी ती फ्रेम करून टांगली.

मला त्या घरात मान होता. माझं इंग्रजी त्यांना लागायचं. त्यांच्या मुलाला दहावीला मी शिकवलं. माझं आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही. माझा रंग उजळ. त्यांनी आपल्या मनानं मला कुठंतरी बसवलं होतं आणि मी विचार केला नव्हता की मला कुठं बसवलंय. मग उपकारस्तुतीच्या आधी एका लग्नात वत्सलाबाईंची नगरकडची चुलतबहीण भेटली. तिनं विचारलं, “गाव कुठलं तुमचं?” मी सांगितलं. “गावात कुठं?” तेही सांगितलं. ती “हो का” म्हणाली आणि आईस्क्रीम आणायला गेली. वत्सलाबाई तिथंच उभ्या होत्या. एवढंच घडलं.

एवढ्यानं माझा तांदूळ जाडा झाला.

भिंतीपाशी माझ्या मागोमाग जनी आली. कासूच्या वाडीवरची. आम्ही गाडीच्या एकाच डब्यातून यायचो. ती कासूला चढायची आणि माझ्याजवळ बसायची, कारण माझ्याजवळ खिडकी असायची. तिच्या तांदळाचं गाठोडं फडक्यात होतं. कापणीला गेल्याबद्दल मिळालेला तांबडा तांदूळ. तिनं डब्यात माझे पांढरे दाणे पाहिले.

“बाय, तुमचा पन हितंच?”

“हो.”

“मंग बरं हाय. आमाला वाटलं आमीच नापास.”

मागच्या दोघी-तिघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी विचारलं, “हा तांदूळ वेगळा शिजवणार आहेत का?”

“व्हय. मागं वसरीवर दुसरी चूल मांडलीया. आमची पंगत तितंच. तुमाला नाय सांगितलं?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमाला आज कळलं वाटतं.”

मला पहिल्या बाकावर बसायचं होतं. त्या दिवशी कंपनीचे नवे साहेब आले होते, दक्षिणेकडचे, ख्रिस्ती, मराठी न येणारे. पंचांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की बाई, उपदेश तुम्ही त्यांना इंग्रजीत सांगा, हळू आवाजात, शेजारी बसून. तर मी बसले. माझी जीभ पहिल्या बाकावर आणि माझा तांदूळ भिंतीला.

पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. विषय काय असावा? आपण सारे एका शरीराचे अवयव. डोळ्यानं हाताला म्हणू नये की तुझी मला गरज नाही. ते मराठीत बोलत होते आणि मी वाक्यामागून वाक्य साहेबांच्या कानात इंग्रजीत सोडत होते. ख्रिस्तात उच्च नाही, नीच नाही. सांगितलं. तारणारा कोणाबरोबर जेवला ते पाहा. सांगितलं. त्याचे शत्रू त्याच्या शिकवणीपेक्षा त्याच्या पंगतीवर जास्त चिडले होते. सांगितलं. वाक्य चांगलं होतं. खरंही होतं. माझ्या तोंडातून ते जात होतं आणि मला माझ्या तोंडाची शिसारी येत होती.

मध्ये साहेबांनी वेदीकडे आणि मग भिंतीकडे बघत हळूच विचारलं, “ही दोन भांडी कशासाठी?”

मी इंग्रजीत म्हटलं, “मोठं ह्या लोकांचं. पत्र्याचं आमचं.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, “छान. व्यवस्था चांगली आहे.”

माणूस वाईट नव्हता. त्याला बाहेरून काहीच दिसलं नाही. सगळं झाकपाक, फुलं वाहिलेली, गाणी सुरात. आणि मला एका क्षणात कळलं की मी इथं बसून हीच व्यवस्था इंग्रजीत समजावून देतेय. चांगल्या व्याकरणात.

मी उठले.

पाळकसाहेबांचं वाक्य चालू होतं. मी भिंतीकडे गेले आणि पत्र्याचा डबा उचलायला लागले. कासूच्या सगळ्या घरांचा तांदूळ होता, जड होता. ठोकलेली कड तळहाताला लागली. जनी उठली. तिनं विचारलं नाही की काय करताय. दुसरी बाजू धरली.

“धरा नीट. एकटीला उचलायचा नाय.”

आम्ही तो वेदीपुढे नेला आणि पितळी टोपात उपडा केला. तांदळाचा आवाज मोठा नसतो, पण तेव्हा पेटी थांबली होती, उपदेश थांबला होता, आणि सगळ्या देवळात तेवढाच आवाज होता. वर तांबडा, खाली पांढरा. मी बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत आत घालून ढवळलं. तळापासून. नीट ढवळलं.

वत्सलाबाई धावत आल्या. “वरचा काढा. अहो, वरचा तेवढा काढून घ्या.” त्यांनी स्वतः ओंजळ भरली आणि ओंजळीत पाहिलं. तांबडा-पांढरा मिसळलेला. ती ओंजळ कुठं टाकावी त्यांना कळेना. टोपात टाकवत नव्हती, खाली टाकता येत नव्हती.

“आता हे कोण खाणार?” त्या म्हणाल्या.

जनी म्हणाली, “आमी खाऊ की. तुमी उपाशी ऱ्हावा.”

मागून वाडीवरच्या बायका फिसकन हसल्या.

पाळकसाहेबांनी प्रार्थना करून भक्ती आटोपती घेतली. मग पंच माझ्याकडे आले. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेतलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ.

“बाई, गैरसमज झाला. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला कोण वेगळं मानतं? आमच्या हिचं जरा असतं. तुम्ही हॉलमध्ये बसा जेवायला. साहेबांच्या शेजारीच. मी खुर्ची ठेवायला सांगतो.”

“आणि बाकीचे?”

“त्यांचं सोडा हो. त्यांना ओसरीवरच मोकळं वाटतं. तुम्ही स्वतःला त्यांच्यात कशाला मोजता?”

मुलांनो, इथं नीट थांबा. सकाळचा अपमान मी रांगेत उभी राहून गिळला होता. हा दुसरा गोड होता. ह्यात खुर्ची होती. ह्यात तुमच्या आईचं दृढीकरण होतं, आजोबांची नोकरी होती, रविवारचा मान होता. मला फक्त मान डोलवायची होती आणि जनीच्या अंगावरून चालत जायचं होतं. आमच्यातले किती शिकलेले असेच गेलेत. एकाला वर ओढायचं, त्याला शेजारी बसवायचं, आणि मग बोट दाखवून म्हणायचं, बघा, आम्ही कुठं भेद करतो?

मी म्हटलं, “पंचसाहेब, गैरसमज झालेला नाही. वत्सलाबाईंचा नाही आणि आता माझाही नाही.”

ते मग म्हणाले, “तुम्ही ख्रिस्ती मनानं विचार करा.”

“तोच करतेय. आयुष्यात पहिल्यांदा.”

त्यांनी बाजारातून तांदळाची गोणी मागवली. प्रभूच्या मुठीचा सगळा तांदूळ, सगळ्या घरांचा, वर्षभर रोज काढलेला, तसाच टोपात ठेवला आणि हॉलसाठी दुकानातला शिजवला. त्यात त्यांच्या स्वतःच्या मुठी होत्या. त्यासुद्धा टाकल्या. माणूस दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी आपलंही अर्पण टाकून द्यायला तयार होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही तो टोप मागे नेला आणि शिजवला. खरं सांगते, वत्सलाबाईंचं एक बरोबर होतं. जाडा-बारीक एकत्र शिजत नाही. कोलम गळून गोळा झाला आणि तांबडा दाताखाली कचकचत राहिला. जनीनं त्यावर सुक्या मासळीचं कालवण घातलं. आजोबा मांडी घालून बसले आणि दोनदा वाढून घेतलं. हॉलमधून एक नर्स ताट घेऊन दारापर्यंत आली, आमच्याकडे पाहिलं, आणि परत गेली. दुसरं कोणी आलं नाही. साहेब हॉलमध्येच जेवले. मी तो कच्चा भात चावून चावून खाल्ला. रडले नाही. राग असला की भूक लागते.

परतीच्या गाडीत तुमची आई नागोठणं गेल्यावर म्हणाली, “आई, त्या बाईंनी गाव विचारलं तेव्हा दुसरं काहीतरी का नाही सांगितलंस?”

मला राग आला. तिचा नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला खोटं हे सोयीचं वाटावं, तेही देवळातून येताना, ह्याचा आला. मी म्हटलं, “तुला सांगावंसं वाटतं का?”

ती म्हणाली, “नाही. पण मला विचारलं तर मी ओरडून सांगेन, चालेल?”

समोर जनी बसली होती. ती म्हणाली, “वरडून कशाला गो? सांगायचं आन् खिडकी धरायची.”

त्यानंतर पाळकसाहेब आमच्या घरी आले. बरोबर पंच नव्हते, पण पंचांचा निरोप होता. मी चहा केला. त्यांनी कप हातात धरून ठेवला.

“बाई, भक्तीत अडथळा आणला, असं कमिटीचं म्हणणं आहे. तुम्ही वत्सलाबाईंची माफी मागा. मंडळीपुढे नको, घरी जाऊन मागा. मी बरोबर येतो.”

“आणि नाही मागितली तर?”

“तर तुम्हाला प्रभुभोजनाला येता येणार नाही. आणि मुलीचं दृढीकरण...” त्यांनी कप खाली ठेवला. “आईच मेजाशी नाही म्हटल्यावर मुलीला कसं घ्यायचं?”

तुम्हाला हे समजावं म्हणून सांगते. लहानपणी बाप्तिस्मा झालेलं मूल मोठं झालं की स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतं, नव्यानं आलेली मोठी माणसंही करतात. मगच त्याला प्रभूच्या मेजाशी जागा मिळते, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस. तुमची आई वर्षभर त्याची तयारी करत होती. तिचा पांढरा ड्रेस शिंप्याकडे होता.

पाळकसाहेब पुढे म्हणाले, “येशूनं काय सांगितलंय? अर्पण घेऊन वेदीशी आलात आणि भावाशी बिनसलंय असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा.”

मी शिक्षिका. वाक्य कोणाला उद्देशून आहे ते आधी बघायची मला सवय. मी म्हटलं, “पाळकसाहेब, नीट आठवा. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे ते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यानं उठायचंय. तक्रार माझी आहे. जनीची आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन बसलेत ते पंच आणि वत्सलाबाई. उठून यायचं त्यांनी. मी घरीच आहे. कासूला गाडी थांबते.”

त्यांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, “प्रेम हे सगळं सहन करतं, बाई.”

“कोणाचं? नेहमी आमचंच का?”

“ख्रिस्ती माणसानं झुकावं.”

“जो पिढ्यान्‌पिढ्या वाकलाय त्याला झुका म्हणताय तुम्ही. ताठ उभ्या असलेल्यांना एकदा सांगून बघा.”

ते वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. त्यांचं घर पंचांच्या कमिटीच्या हातात होतं. पण मुलांनो, मी आयुष्यात वाईट माणसं फार थोडी पाहिली. भित्रीच जास्त पाहिली, आणि आमचं नुकसान त्यांनीच जास्त केलं. प्रेम, क्षमा, नम्रता. हे शब्द त्यांनी बोळा करून आमच्या तोंडात कोंबले. मारणाऱ्याच्या हाताला त्यांनी कधी नम्रता शिकवली नाही.

मी तुमच्या आईला बोलावलं. ती आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. मी म्हटलं, “मी माफी मागितली तर तुझं दृढीकरण होईल. नाही मागितली तर होणार नाही. तुझं नुकसान आहे. तू बोल.”

ती पाळकसाहेबांना म्हणाली, “जनीमावशीच्या सुनेचं पण माझ्याबरोबरच होणार होतं. तिचं कुठं होईल? पुढे की ओसरीवर?”

पाळकसाहेब म्हणाले, “बेटा, त्यांचं आम्ही वाडीवर जाऊनच करणार आहोत. त्यांच्या सोयीसाठी.”

“मग माझंही नको,” ती म्हणाली आणि परत आत गेली. दार आपटलं नाही. मला ते आपटलेलं आवडलं असतं.

पुढच्या महिन्यात तुमच्या आजोबांना सलग नाईट शिफ्ट लागली. कारण कोणी सांगितलं नाही. मी चिडले. ते बूट घालत म्हणाले, “दिवसा झोपायची सवय मला उपदेशात लागलीच आहे. आता पगारी झाली.” त्यांचं असंच असायचं. पण त्यांची तब्येत त्या वर्षांत ढासळली, आणि ते मी विसरलेले नाही.

माझ्या शाळेतल्या हिंदू मैत्रिणी म्हणाल्या, आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? बरोबर होतं त्यांचं. हमरापूरहून माझ्या वर्गात मुली यायच्या, नखांत गणपतीच्या मूर्तींचा रंग घेऊन. त्यांच्या घरी मी चहाला गेले तर कोणत्या घरात कोणता कप यायचा ते मला माहीत होतं. पण त्या घरांनी मला कधी म्हटलं नव्हतं की आपण एका शरीराचे अवयव आहोत. जे म्हटलंच नाही ते मोडल्याचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही. आमच्या लोकांनी म्हटलं होतं. दर रविवारी. हात वर करून.

देवावर प्रेम करणं सोपं आहे. तो दिसत नाही. त्याचं गाव कोणी विचारत नाही. तो आपल्या शेजारी ताट घेऊन बसत नाही, त्याच्या कपड्यांना मिठागराचा वास येत नाही. म्हणून तर त्यानं आपल्याला माणसांच्या हवाली केलं. तुमची प्रार्थना किती लांब आहे, तुमच्या चर्चमधला ऑर्गन किती मोठा आहे, ह्यानं मला काही कळत नाही. तुम्ही कोणाबरोबर जेवता, आणि कोण आलं की तुमच्यात कुजबुज सुरू होते, ते मला सांगा. मी तुमचा विश्वास किती आहे ते सांगेन.

मी देव सोडला नाही. लोकांना वाटतं मी सोडला. मी रोज सकाळी प्रार्थना करते, आणि बऱ्याचदा ती भांडणासारखी असते. माझा देव भांडण ऐकून घेतो. भित्र्या माणसांना तो भित्रा वाटतो, एवढंच.

वत्सलाबाई गेल्या. पंचही गेले. त्यांच्यापैकी कोणी कधी आलं नाही. लोक मला विचारतात, तुम्ही क्षमा केली का? मी विचारते, कोणी मागितली?

मंडळी आता मोठी झाली आहे. नवी फरशी, पंखे, माईक. दोन भक्ती होतात. सकाळची गावातल्या लोकांसाठी, दुपारची वाडीवरच्यांसाठी. जनीचा मुलगा आणि सून दुपारी जातात. ते एकदा सकाळी गेले होते, तर दारातल्या स्वयंसेवकानं हसून सांगितलं की तुमची वेळ नंतरची आहे. ह्याला ते सोय म्हणतात.

परवा नवे पाळक आले होते. तरुण, चांगला मुलगा, हातात मिठाई. म्हणाला, “आजी, जुनं विसरून जा. तुमचं वय झालं. सभासदत्व नाही म्हणून उद्या दफनभूमीत जागेचा प्रश्न यायला नको. कमिटीपुढे फक्त दोन शब्द बोला, झालं गेलं म्हणून. मी सगळं सांभाळतो.”

मी विचारलं, “जनीला तिथं जागा आहे?”

तो म्हणाला, “त्यांची वेगळी आहे ना, आजी. वाडीजवळ.”

मी मिठाई परत दिली.

तर आता माझं म्हणणं ऐका आणि दोघांनी लक्षात ठेवा, कारण वेळ आली तेव्हा तुमची आई रडत असेल आणि नातेवाईक तिला समजावत असतील. मी ते दोन शब्द बोलले नाही आणि बोलणार नाही. माझ्या प्रेतावर एकतेचा उपदेश होऊ द्यायचा नाही. रोह्याच्या त्या देवळात मला नेऊ नका. मला कासूला न्या, वाडीजवळच्या जमिनीत पुरा. तिथं काटेरी झुडपं आहेत, पावसात चिखल होतो, शहरातल्या पाहुण्यांचे बूट खराब होतील. होऊ देत. जनीला ज्या दारातून आत घेत नाहीत, त्या दारातून माझी पेटी आत जाणार नाही. आणि बाहेरही येणार नाही.